सीड लिहून ठेव, संत्या

प्रिय संत्या,

काल फोनवर म्हणालास की थिसिसचे 60 पेशंट एक्सेलमध्ये रँड, म्हणजे कसेही आकडे काढणारं फंक्शन, लावून दोन गटात टाकणारेस, तेव्हाच अडवणार होतो पण ओपीडीत गर्दी होती, म्हणून आता विश्रामबागच्या रूमवर बसून लिहितोय. तसं करू नको लका.

माझी गुडघेदुखीवाल्यांची लिस्ट मी तशीच काढली होती. रँडचा कॉलम, त्यावर सॉर्ट, वरचे 30 नव्या व्यायामाला, खालचे 30 नेहमीच्या ट्रीटमेंटला. सहा महिन्यांनी गाइड म्हणाले, ही लिस्ट कशी आली ते दाखव. फाईल उघडून एका सेलमध्ये एंटर मारला आणि कॉलममधले सगळे आकडे बदलले, कारण शीटमध्ये काहीही केलं की रँड परत नव्याने मोजतं. जुने आकडे कुठंच नाहीत. लबाडी केली नव्हती रे, पण तसं दाखवायला हातात काही नव्हतं, त्या रात्री झोप लागली नाही.

तू आर घे, आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. सीड म्हणजे सुरुवातीचा आकडा, तोच दिला की तीच लिस्ट परत निघते. पण सीडसोबत व्हर्जन पण लिही, हे मला फार उशिरा कळलं. 2019 मध्ये आरचं 3.6.0 व्हर्जन आलं तेव्हा सँपलची, म्हणजे यादी पिसणाऱ्या कमांडची, आतली पद्धत बदलली, त्यामुळे सीड 42 देऊन 1 ते 10 पिसले तर जुन्या आरमध्ये 10, 9, 3 अशी सुरुवात होते आणि नव्यात 1, 5, 10. सीड तोच, लिस्ट वेगळी!

ब्लॉकसाठी, म्हणजे दोन्ही गटात सारखे पेशंट पडतील असे छोटे तुकडे पाडायला, आरमध्ये ब्लॉकरँड पॅकेज आहे. सगळे ब्लॉक चारचेच ठेवू नको, तीन पेशंट कुठं गेले ते कळलं की चौथा आपोआप कळतो, मग ओळखीची मावशी आली की मन डळमळतंच. चार आणि सहा मिसळ. आणि लिस्ट तू बघूच नको, पेशंट घेणारा तूच आहेस ना. दुसऱ्या कुणाकडून काढून जाड, बंद पाकिटात घाल. 1948 च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या (टीबीचं औषध) ट्रायलमध्ये पण बंद पाकिटंच होती. कॉलेजात रेडकॅप, म्हणजे अभ्यासाचा डेटा ठेवायचं सॉफ्टवेअर, असेल तर उत्तमच, फक्त त्यातही लिस्ट बाहेर बनवूनच टाकावी लागते.

शनिवारी सांगलीला ये, माझी स्क्रिप्ट देतो, दोघं बसून चालवून बघू. सीटीआरआयचं, म्हणजे ट्रायल नोंदवायच्या सरकारी रजिस्ट्रीचं, रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घ्यायच्या आधी लागतं, तोवर एकालाही घेऊ नको. येताना कंदी पेढे आण, आई विचारत होती.

तुझा,
विन्या