तापाच्या रुग्णासाठी एक पडदा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या खात्यात साथरोगांच्या आढावा बैठका सुरू होतात. डेंग्यूची चाचणी किट किती, धूरफवारणीची यंत्रं किती चालू नि किती बंद, राखीव खाटा किती, सगळ्याचा हिशोब होतो. त्या हिशोबात कधीच न येणारी एक वस्तू मागायला हे पत्र लिहिते आहे. पडदा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत, डॉक्टरच्या टेबलाशेजारी, तापाने आलेल्या पुरुषाला सदरा काढता येईल आणि बाईला साडी सैल करता येईल एवढा आडोसा, त्यामागे एक तपासणीचा बाक आणि वर एक नीट पेटणारा दिवा.

मी पूर्व विदर्भात त्वचारोगतज्ज्ञ आहे. त्वचेचा डॉक्टर म्हणजे मुरूम, खाज आणि केसगळती असा समज आहे, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो खरा करून दाखवला आहे. पण मी पाहिलेले सगळ्यात गंभीर रुग्ण त्वचेची तक्रार घेऊन आलेलेच नसतात. ते तापाच्या वॉर्डात असतात, आणि कुणाचं तरी लक्ष अंगावरच्या एखाद्या खुणेकडे गेलं तरच मला बोलावणं येतं.

स्क्रब टायफसचंच घ्या. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली, माणसं दगावली आणि वर्तमानपत्रांमुळे 'चिगर माइट' हा शब्द घरोघरी पोचला. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा त्याचा जंतू. गवताझुडपांत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म किड्याची अळी माणसाला चावते आणि जंतू अंगात शिरतो. चावलेलं कळत नाही. कपडा घट्ट बसतो तिथे किंवा कातडी मऊ असते तिथे ही अळी थांबते: परकराच्या नाडीखाली, चड्डीच्या इलॅस्टिकपाशी, काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागे. आधी पुटकुळी येते, मग छोटा व्रण होतो आणि ताप चढेपर्यंत त्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरलेली असते, भोवती लालसर कडं. डॉक्टर तिला एशार म्हणतात. ती सहसा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. विचारलं तर "काही नाही" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला ठाऊकच नसतं. काखेत-जांघेत घामाची ओल राहते, तिथे खपली काळी होतही नाही. पिवळट-पांढरट तळाचा बारीक व्रण दिसतो आणि फोड समजून सोडून दिला जातो. इथे एक युक्ती कामी येते. जांघेत एकाच बाजूला दुखरी गाठ हाताला लागली, तर त्या पायापासून कंबरेपर्यंत नीट शोधायचं. पुष्कळदा खपली तिथेच कुठेतरी निघते.

सगळ्यांच्या अंगावर ती असतेच असं नाही. पण असली, तर तापाच्या त्या ऋतूत दुसऱ्या पुराव्यासाठी थांबायचं कारण उरत नाही. रक्ताची आयजीएम चाचणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायलाच आठवडाभर जातो. खपली त्याआधीपासून अंगावर असते. औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. काही रुपयांचं काम. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन. वेळेत सुरू केलं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. याउलट ज्या सेफ्ट्रियाक्सोनच्या इंजेक्शनवर तालुक्याच्या गावी सगळ्या तापांचा भार टाकला जातो, त्याचा या जंतूवर उपयोग नाही. इंजेक्शनं चालू राहतात आणि आजार फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांच्यापर्यंत जातो.

धानाच्या रोवणीला जाणाऱ्या एका बाईची गोष्ट. आठवडाभर ताप होता. दोन दवाखाने झाले, दोन्हीकडे सलाईन लागली, मलेरिया-डेंग्यू-टायफॉइड सगळं तपासून झालं. मोठ्या रुग्णालयात आली तेव्हा लघवी कमी झाली होती, धाप लागत होती. खपली सापडली ती कुणा डॉक्टरला नाही. रात्रपाळीची सिस्टर अंग पुसून देत होती, तिला सापडली. परकराच्या नाडीखाली, पाठीकडच्या बाजूला. बाई वाचली. आधीच्या दोन डॉक्टरांना दोष द्यायला मी धजत नाही, कारण तसल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. टेबल, खुर्ची, एक स्टूल, दारापर्यंत रांग, आणि रांगेतली पहिली चार माणसं टेबलाला रेलून उभी. त्या चारांत दोन तिच्याच गावची. तिथे कुठली बाई नाडी सैल करणार, आणि नुकताच रुजू झालेला पोरसवदा डॉक्टर तिला तसं सांगणार तरी कसा? तिथे बीपीचा पट्टा बाहीवरून बांधतात आणि स्टेथोस्कोप सदऱ्यावरून लावतात. कपड्याखाली काय आहे ते सिस्टरने पुसेपर्यंत झाकलेलंच राहतं.

हे एकट्या स्क्रबचं नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या ठिपकेवाल्या तापात पुरळ तळहात-तळपायांवरही येतं. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये अशा तापाच्या लवकर निदानासाठी गुणांकन सुचवलं होतं, त्यात या खुणेला जागा होती. पण मुलाचे तळपाय उलटून बघायला हवेत ना. दाबल्यावरही न मावळणारे जांभळे ठिपके डेंग्यूत दिसतात, मेंदूज्वराच्या एका फार घातक प्रकारातही दिसतात आणि तिथे तासांचा हिशोब असतो. गोवराचं पुरळ कानामागून आणि केसांच्या कडेने सुरू होतं, ताप येऊन तीन-चार दिवस झाल्यावर. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, ती आपल्या खात्याला आठवत असेल. सावळ्या अंगावर गोवराची लाली पुस्तकातल्यासारखी लाल दिसत नाही. हात फिरवला की खरखर लागते, ती आधी कळते. बोटांनी बघावं लागतं, आणि त्यासाठी सदरा वर करावा लागतो.

उघड्या जागी जे दिसतं तेही आपण वाया घालवतोच. मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमली कातडी झाली की घरचे तिला मळ समजून घासत बसतात. अनेकदा ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं, पुढे येणाऱ्या मधुमेहाची चाहूल. आशाताई तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरतात, कंबर मोजतात. त्याच वेळी मान बघायला किती वेळ लागणार? चिकनगुनिया होऊन गेल्यावर काहींचं नाक काळं पडतं, हे मात्र गावात सगळ्यांना ठाऊक असतं. लोकांची नजर आमच्यापेक्षा बरी, असं कधीकधी वाटतं.

आता कुष्ठरोगाबद्दल. महाराष्ट्राला त्वचा वाचायला शिकवलं ते या आजाराने. जुने कुष्ठरोग कार्यकर्ते शाळेच्या पटांगणात, दिवसाउजेडी, मुलांना उघडं करून पाठी बघत. फिकट चट्टा दिसला की कापसाच्या बोळ्याने स्पर्श कळतो का ते तपासत. बाहेरून आत येणारा प्रकाश, रुग्ण उजेडाकडे तोंड करून, असे त्यांचे नियम असत. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण असं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. त्या सुमारास हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं गेलं, आणि ती नजर हळूहळू निवृत्त झाली. रुग्ण मात्र अजून सापडतात, लहान मुलंही. आपल्या शोधमोहिमेत घरोघरी जाताना आशाताईसोबत एक पुरुष स्वयंसेवक देतात. बायांना ती तपासते, पुरुषांना तो. म्हणजे माणसाला लाज असते आणि त्याची सोय करावी लागते, हे आपल्याच खात्याने ओळखलेलं आहे. मोहिमेच्या पंधरवड्यात ओळखतो, ओपीडीत वर्षभर विसरतो.

पडद्यासाठी मंत्रालयात फाइल फिरवावी लागणार नाही, हे मला माहीत आहे. रुग्ण कल्याण समितीच्या पैशांतून तो येऊ शकतो. गुणवत्तेच्या मानकांत रुग्णाच्या खासगीपणाचा उल्लेखही आहे, म्हणून तपासणी पथक यायचं असलं की काही ठिकाणी पडदा लागतो, पथक गेलं की पुन्हा गोदामात जातो. म्हणूनच आपल्याला लिहिते आहे. पडदा आहे का, हे कुणी विचारत नाही. लसींच्या फ्रिजचं तापमान रोज लिहिलं जातं, कारण ते विचारलं जातं. तापाच्या केसपेपरवर एक ओळ छापून घ्या : 'कपडे काढून अंग तपासले : हो / नाही'. सुरुवातीला खोट्या 'हो' पडतील, पडू द्या. पण रुग्ण वरच्या रुग्णालयात गेला, तिथे खपली सापडली आणि खालच्या कागदावर 'हो' लिहिलेलं निघालं, की पुढच्या वेळी लिहिणाऱ्याचा हात थबकेल.

बाईला तपासताना सिस्टर किंवा आशाताई जवळ असावी, याची सोय ओपीडीच्या वेळेत करा. डॉक्सिसायक्लिन औषधांच्या यादीत आहे. पण ऑगस्टमध्ये उपकेंद्राच्या कपाटात ते असतं का, तेवढं जिल्ह्यांना विचारा. शंका आली की चाचणीची वाट न बघता औषध सुरू करावं, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. गोरखपूरच्या मुलांमधल्या मेंदूच्या तापात स्क्रबचा मोठा वाटा निघाला, तेव्हा तिथेही शास्त्रज्ञांनी खालच्या केंद्रावरच औषध द्यायचा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र ते अनेकदा वरच्या रुग्णालयात, चाचणीचा कागद हाती आल्यावर सुरू होतं.

प्रशिक्षणाचे स्लाइड शो पुष्कळ झाले, त्यांत फोटो गोऱ्या कातडीचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला, राज्यभरातल्या त्वचारोग विभागांत आपल्याच माणसांच्या कातडीवरच्या खुणा रोज दिसतात. संमती घेऊन, चेहरा वगळून त्यांचा एक तक्ता करा आणि प्रत्येक केंद्राच्या त्या पडद्यामागे लावा. शंका असेल तर फोटो ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याच्या सेवेवर, आमच्यापुढे ठेवा. आम्ही बघू. खपलीचा फोटो ओळखायला अर्धा मिनिट पुरतो.

जाता जाता एक तक्रार, जी आपल्या खात्याची नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, पण भोगतो आपण. स्टेरॉइड मिसळलेली मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानात मात्र ती मागितली की मिळतात, गजकर्णावर, वांगावर, कशावरही. खाज थांबते, गजकर्ण पसरत जातं आणि त्याचं रूप असं बदलतं की आम्हालाही ओळखू येत नाही. कुष्ठाच्या चट्ट्यावर कुणी ते चोळत राहिलं, तर डॉक्टरपर्यंत यायला आणखी उशीर. त्या खात्याच्या मंत्र्यांशी आपलं बोलणं होत असेल तर हा विषय निघावा.

आणि परिपत्रक काढणार असाल तर ते मे महिन्यात काढा. स्क्रबचे रुग्ण ऑगस्टपासून वाढू लागतात. ऑगस्टमध्ये निघालेलं परिपत्रक केंद्रावर पोचेपर्यंत रोवणी आटोपून निंदण सुरू झालेलं असतं, ओपीडी दाराबाहेर गेलेली असते, आणि पडदा शिवायला टाकायला कुणाला फुरसत नसते.

आपली,
पूर्व विदर्भातील एक त्वचारोगतज्ज्ञ