एका वेळी एकच नातवंड

अलिबाग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नातवंडं आली की घर दणाणून जातं, आणि गेल्यावर लक्षात येतं की एकाशीही धड बोलणं झालं नाही, असं तू लिहिलंयस. ते वाचल्यावर राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोघांना एकदम घेऊन फिरायचा आग्रह सोड. एका वेळी एकालाच घेऊन बाहेर पड. तू आणि ते नातवंड, बस्स. वहिनीसुद्धा नकोत.

यंदा दिवाळीला आमच्याकडे दोघंही होती. भाऊबीज झाली आणि थोरला आईबरोबर आजोळी गेला. धाकटीला थोडी कणकण होती म्हणून ती मागे राहिली. दोन दिवसांत खडखडीत बरी झाली, आणि चतुर्थीच्या सकाळी मी तिला कुलाबा किल्ल्यावर नेलं. चालत, ओहोटीच्या वाटेनं.

ओहोटी कधी लागणार हे मोबाइलवर दिसतंच. पण माझ्या आजोबांची रीत तुला आठवत असेल, आपण शाळेत असताना मी ती मिरवायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन. तीनला भरती, तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. धाकटी पहिलीत आहे, तिला पाऊणकीचा पाढा कुठून येणार? मग किनाऱ्यावर काडी घेऊन बसलो. म्हटलं, दर तिथीला तीन रेघा मार. एक रेघ म्हणजे पाव तास. तिनं चार वेळा तीन-तीन रेघा मारल्या. आता चार-चार रेघांभोवती गोल काढ. तीन गोल झाले. म्हणाली, "म्हणजे तीन वाजता?" मी नुसती मान हलवली. लगेच विचारते, "आणि उद्या?" उद्या पंचमी. पंधरा रेघा, तीन गोल, आणि वर तीन रेघा उरलेल्या. त्या तीन रेघांकडे ती बराच वेळ बघत राहिली. "चौथा गोल भरला नाही," म्हणाली. पावणेचार ती असं शिकली. उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण तासानं उशिरा येते, हे मला तोंडानं सांगावंही लागलं नाही.

घरी हीच मुलगी गप्प असते. काही विचारलं की थोरल्याकडे बघते. आम्हाला वाटायचं, अबोल आहे, आईवर गेलीय. त्या दिवशी गोल काढता काढता, वर न बघता म्हणाली, "मला माहीत असतं आबा. पण दादा आधी सांगून टाकतो." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. जसं आहे तसं सांगितलं आणि पुढचा गोल काढला. मित्रा, मला फार लागलं ते. थोरल्याची काही चूक नाही, तो दहा वर्षांचा आहे, त्याला येतं म्हणून तो बोलतो. पण घरात चार माणसं असली की सहा वर्षांच्या पोराला वाक्य पुरं करायला वेळच मिळत नाही. मोठ्यांच्या बोलण्यात फट सापडेपर्यंत त्याचा विषय निघून गेलेला असतो.

किल्ल्याला पोचायला आम्हाला किती वेळ लागला असेल! घोडागाड्या शेजारून दोन-दोन खेपा करून गेल्या. ओल्या वाळूवर त्या बारीक गोळ्यांची नक्षी असते ना, तिथे ती अडली. "या कुणी वळल्या?" मी सांगणार होतो, पण थांबलो. म्हटलं, बसू या, कळेल. आम्ही दोघं उकिडवे बसलो. हललं की काही दिसत नाही, म्हणून अगदी स्तब्ध. थोड्या वेळानं बिळातून हरभऱ्याएवढा खेकडा बाहेर आला, नांगीनं वाळू उचलून तोंडाशी नेली, खाण्याजोगं तेवढं घेतलं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकली. मग दुसरी. तिनं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. बोलली मात्र नाही, कारण बोललं की तो पळेल हे तिचं तिलाच कळलं होतं. माझ्या मुलाला घेऊन याच वाटेनं मी कितीदा गेलो असेन, पण तेव्हा सोमवारची नोकरी डोक्यात असायची. आता माझे गुडघे आणि तिचे पाय एकाच चालीनं चालतात. आजोबा असण्यातलं मोठं सुख मला हेच वाटतं.

किल्ल्यात फार वेळ घालवला नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं काम सुरू केलं, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं झालं, एवढं सांगितलं. तिला गंमत वाटली ती तटाच्या दगडांची. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तिनं एका फटीत हात घालून बघितला. सिद्धिविनायकाला नमस्कार केला, विहिरीत वाकून पाहिलं. चारी बाजूंनी समुद्र असून आत गोडं पाणी कसं, हा प्रश्न मात्र ती घरी घेऊन आली आणि रात्री बापाला विचारला.

परतताना चुंबकीय वेधशाळेवरून आलो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्यामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेतली नाजूक उपकरणं बिघडतील, म्हणून १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद अलिबागेत घेऊ लागले, आणि इमारत बांधताना लोखंड टाळलं. हे ऐकून तिनं विचारलं, "मग आतल्या लोकांच्या चाव्या कसल्या?" मी जन्म इथे काढला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मुलानं विचारलं, फोटो काढलेत का? नाही काढले. फोन खिशातून काढला की मूल बोलायचं थांबतं आणि हसून उभं राहतं. ते मला नको होतं.

थोरल्यालाही नंतर एकट्याला नेलं. तो आजोळहून आला तसा मांडव्याला जाऊन रो-रो बोटीनं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन आलो. त्याची तऱ्हा वेगळी. घरात अखंड बडबडणारा हा पोरगा डेकवर कठड्याला टेकून अर्धा रस्ता गप्प उभा होता. मीही बोललो नाही. त्याला सतत आपल्याला येतं असं दाखवावं लागत नाही, अशी एखादी जागा हवी होती बहुतेक.

आपल्या लहानपणी वाड्यात डझनभर पोरं असायची आणि सगळं एकत्रच व्हायचं, असं तू म्हणशील. खरं आहे. पण आजोबांनी पाऊणकी शिकवली ती मला एकट्याला, धरमतरच्या वाटेवर. त्या वाड्यातलं बाकी किती विसरलो, ते मात्र राहिलं.

तर नाताळात तुझी दोघं येतील तेव्हा असं कर. मोठ्याला पहाटे अजिंक्यताऱ्यावर ने, पायवाटेनं. धाकट्याला कुत्र्यांचं वेड आहे म्हणतोस, त्याला संगम माहुलीला घेऊन जा आणि थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखव. दोघांचे दिवस वेगळे ठेव. मागे राहिलेला रुसेल, त्याला त्याचा वार आधीच सांगून ठेव. आणि ठरलेला वार काही झालं तरी बदलू नकोस, मुलं ते विसरत नाहीत.

मग उन्हाळ्याच्या आत, म्हणजे मार्चच्या सुमारास, एकाला घेऊन इकडे ये. तिथी बघून कळव. अष्टमीच्या आसपास नको, त्या दिवसांत पाणी पुरतं हटत नाही. तृतीया-चतुर्थी चालेल. मी किनाऱ्यापर्यंत येईन आणि परत फिरेन, किल्ल्यावर तुम्ही दोघंच जा. दुसऱ्याला पुढच्या खेपेला आण.

वहिनींना नमस्कार सांग, आणि कुणाला आधी आणतोस ते लिही.

तुझा,
अलिबागचा मित्र