पांगारा फुललाय, ये

पुणे,
फाल्गुन

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परत परत वाचलं. कामावर असलास की घर डोक्यात, घरी आलास की काम, आणि गादीवर पडलं की पोराची फी. वाचून जीव कासावीस झाला रे.

विपश्यनेसाठी इगतपुरीला जाऊ का, असं विचारलंयस. जरूर जा. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, आणि सुरुवातीचे तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघायचा. मन किती पळतं ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पण रजा मंजूर होईपर्यंत वाट बघत बसू नकोस. आणि ‘निवृत्त झालो की कोकणात घर बांधीन, मग निवांत जगेन’ हे तुझं वाक्य मला अजिबात पटलं नाही. निवांत बसायची सवयच नसेल तर समुद्रासमोरही तुला बँकेचं व्याजच आठवेल.

मी सकाळी वेताळ टेकडीवर जातो. झपझप चालून घाम काढणारे खूप असतात, तब्येतीला ते चांगलंच. मला मात्र थांबायची गोडी लागलीय. खाणीच्या अलीकडे एक पांगारा आहे. सध्या अंगावर एक पान नाही, नुसती लालभडक फुलं. समोरच्या दगडावर बसलं की आधी फक्त लाल रंग दिसतो. हळूहळू शिंजीर दिसतो, मग मैना, बुलबुल. मधासाठी चोची खुपसतात आणि डोक्याला पराग माखून पुढच्या झाडावर जातात. कोतवाल मध्येच येऊन सगळ्यांना हुसकावतो. खोडावरचे काटे चुकवत मुंग्यांची रांग चढत असते. लांब कुठेतरी तांबटाचं टुक टुक चालू असतं; तो गप्प झाला की कळतं, आपण ऐकत होतो.

मन पळतंच. ऑफिसात जातं, तुझ्याकडेही येऊन जातं. पळालं हे लक्षात आलं की परत फुलाकडे आणायचं. तिथे श्वास, इथे पांगारा.

हिरवळ दिसली की आपोआप शांत वाटतं, असं लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. बघावं लागतं. सध्या टेकडीवर गिरिपुष्पाचा गुलाबी बहर आहे, फोटोला सुरेख. पण ते मध्य अमेरिकेतून आलेलं, लावलेलं झाड. त्याच्याखाली बसून बघ आणि मग पांगाऱ्याखाली बस. पाखरांची वर्दळ कुठे आहे ते तुझं तुलाच कळेल. आणि बसशील तो काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यावर हात ठेवला की उद्याच्या मीटिंगची धास्ती जरा सैल होते, खरंच.

हे जगाकडे पाठ फिरवणं आहे असं समजू नकोस. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून नेऊ नये म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये मोर्चा निघाला, त्यात टेकडीवर रोज येणारी माणसं होती. नकाशावरच्या रेघेखाली कुठलं झाड येतं, हे त्यांना ठाऊक होतं. ज्याच्याकडे आपण नीट पाहिलेलं असतं, त्याच्यासाठीच आपण रस्त्यावर उतरतो.

पांगारा फार दिवस थांबणार नाही, तेव्हा या शनिवारीच ये. रात्री उशीर झाला तरी चालेल, आई जेवण झाकून ठेवेल. चांगल्या तळव्यांचे बूट आण, उतारावर मुरूम घसरतो. फोन दोघांनीही घरीच ठेवायचे.

तुझा,
मिलिंद