उड्डाणाच्या कालावधीबरोबर घड्याळातला फरकही छापावा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पानावर दोन शहरांमधील अंतर आणि विमानप्रवासाचा कालावधी देणारी चौकट असते. ‘मुंबई ते दुबई : सुमारे १,९३० किलोमीटर, ३ तास’ ही तिच्यातली माहिती बरोबर असली तरी अपुरी आहे, आणि त्याची झळ आमच्या शेजारच्या कुटुंबाला बसली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शेजाऱ्यांचा मुलगा दुबईला बांधकामावर कामाला आहे. दोन वर्षांनी तो घरी येणार होता आणि रात्री दीडला विमान सुटते, एवढेच त्याने फोनवर सांगितले होते. वडिलांनी चौकटीचे जपून ठेवलेले कात्रण काढले, दीडमध्ये तीन मिळवले आणि पोरगा साडेचारला मुंबईत उतरेल असे धरून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसचे परभणीपर्यंतचे आरक्षण करून ठेवले. विमान अगदी वेळेवर आले. पण मुंबईच्या घड्याळात तेव्हा सहा वाजले होते. सामान हाती येईपर्यंत गाडी निघून गेली. घरी पुरण शिजत असताना त्याचा फोन आला, तेव्हा त्या माउलीचा चेहरा मी पाहिला आहे.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हे मला अधिकच लागले. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, तर संयुक्त अरब अमिरातीची ६० अंश पूर्व रेखावृत्तावरून, हा २२.५ अंशांचा फरक म्हणजे बरोबर ९० मिनिटे. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. त्यामुळे नुसती वजाबाकी केली तर जाताना प्रवास दीड तासाचा भासतो आणि येताना साडेचार तासांचा, प्रत्यक्षात तो दोन्ही वेळा तीन तासांच्या आसपासच असतो. येताना थोडा वेळ वाचतो तो वेगळ्या कारणाने : विशेषतः हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात आणि पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला मागून रेटा मिळतो.

अंतराला वेगाने भागून वेळ काढणारे वाचकही पुष्कळ आहेत. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर १,९३० किलोमीटरला सव्वादोन तास पुरेसे वाटतात. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे आणि वेळापत्रकातली थोडी राखीव वेळ मिळून तीन तास होतात, हेही चौकटीत एका ओळीत मावेल.

मराठवाड्यातल्या वाचकासाठी आणखी एक हिशेब महत्त्वाचा आहे. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे दहा तासांची वाट. त्यावर आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास विमानतळावर हजर राहणे आले. तीन तासांच्या दुबईसाठी आमचा माणूस आदल्या दिवशीच घर सोडतो.

तरी प्रत्येक चौकटीत उड्डाणाच्या कालावधीखाली ‘दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे’ अशी ओळ छापावी, आणि मराठवाडा आवृत्तीत नांदेड, परभणी, लातूर येथून मुंबईपर्यंत लागणारा वेळही द्यावा, अशी विनंती आहे. शेजाऱ्यांच्या भिंतीवर ते कात्रण अजून चिकटवलेले आहे. त्याखाली मी पेनाने ‘दीड तास मिळवा’ असे लिहून आलो आहे.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी