बेल्ट गेला म्हणून कायनेटिक भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात अजून कितीतरी घरांत जिन्याखाली नाहीतर परड्यात ताडपत्री टाकून जुनी कायनेटिक होंडा स्कूटर उभी असते, आणि पावसाळा आला की त्यातल्या बऱ्याच गाड्या भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतात. कारण विचारलं तर ठरलेलं, इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, मिस्त्री म्हणतोय बेल्ट गेला, पार्ट मिळत नाही, देऊन टाका. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक गाड्या आपल्याच गावात नीट होऊ शकतात.

१९७२ ला कायनेटिकचीच लुना मोपेड आली आणि १९८४ च्या सुमारास ही ९८ सीसीची टू स्ट्रोक कायनेटिक. गिअर टाकायचे नाहीत, क्लचची लिव्हर नाही, बटन दाबलं की चालू, त्यामुळं आपल्या कितीतरी आया-मावश्यांनी पहिल्यांदा स्वतःची गाडी स्वतः चालवली ती हीच. अशी गाडी एका रबरी पट्ट्यासाठी घालवायची का?

आता नेमकं बिघडतं काय ते सांगतो. इंजिनाच्या बाजूला पुढची पुली असते, चाकाच्या बाजूला मागची, आणि दोन्हींवरून बेल्ट फिरतो. पुढच्या पुलीच्या आत रोलर असतात. रेस वाढवली की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि त्याच वेळी मागच्या पुलीत खाली उतरतो, म्हणजे आपोआप गिअर बदलतो. मागच्या पुलीला क्लच शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या असतात, ते स्प्रिंगनी आत धरलेले असतात, फिरण्याचा वेग वाढला की उघडतात आणि क्लच ड्रमला, म्हणजे त्यांच्यावरच्या वाटीला, आतून घट्ट धरतात, मग ड्रममधून जोर चाकाकडं जातो. त्यामुळं गाडी सरकत नाही याचा अर्थ दरवेळी बेल्टच गेला असा होत नाही. बेल्ट झिजून अरुंद झाला तर टॉप स्पीड पडतो. रोलर एका बाजूनं चपटे झाले की पिकअप धक्के देत येतो. शूचे लायनर, म्हणजे त्यांच्यावरचे घर्षणाचे थर, काचेसारखे गुळगुळीत झाले की गाडी उठताना थरथरते आणि पन्हाळ्याच्या चढाला जळका वास येतो. क्रँकचं ऑईल सील गळत असेल तर तेल बेल्टवर उडतं, तिथं नवीन बेल्ट टाकला तरी तो घसरणारच आणि गिऱ्हाईक म्हणणार बघा, पैसे वाया गेले.

म्हणून मिस्त्री लोकांना कळकळीची विनंती आहे, कव्हर उघडल्यावर नुसता बेल्ट बदलून बंद करू नका. सील, रोलर, स्प्रिंग, ड्रमची आतली बाजू सगळं बघा. शूला नवीन लायनर बसवून मिळतात, ड्रम आतून झिजून पायरी पडली असेल तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर अगदी हलका कट मारून तो गोल करून देणारे टर्नर आहेत. ज्या गावानं ऑईल इंजिनं आणि फौंड्रीवर नाव कमावलं तिथं एक क्लच ड्रम होत नाही हे मला पटतच नाही. बेल्टचं पण तसंच, जुना बेल्ट सोबत घेऊन जा, रुंदी, लांबी आणि बाजूचा उतार तिन्ही जुळवून घ्या, बाण असेल तर फिरण्याच्या दिशेनं बसवा, हाताला ग्रीस असेल तर आधी धुवा. आणि नट सोडवताना पुलीच्या पंख्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून हातोडा मारायचं लई गॅरेजमध्ये चालतं, ते बंद झालं पाहिजे. तो पंखा ॲल्युमिनियमचा, पाती तुटली की पुली डगमगते आणि बेल्ट तापून लवकर जातो. पुली धरायचा होल्डर काही फार महाग येत नाही.

अजून एक गोष्ट, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक तंतू, असू शकतं. ती काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजमध्ये काम करणारी पोरं कोवळी असतात, त्यांच्या छातीत ती धूळ जाते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, सुतारवाडा, रमणमळा भागात ज्या गाड्या पाण्यात होत्या, त्यातल्या काही अजून तशाच उभ्या आहेत. त्यांचा ड्रम आणि शू गंजून एकमेकाला धरून बसलेले असू शकतात, आत गाळ असतो. स्टार्टर मारायच्या आधी कव्हर काढून सगळं साफ करा, मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं ऑईल दुधाळ झालं असेल तर ते बदला. नाहीतर चालू होताच चाक फिरायला लागेल आणि गाडी हातातनं सुटेल.

आपल्या पेपरला एकच मागणी, रविवारच्या पानावर जुन्या दुचाकींसाठी थोडी जागा द्या. कुठला पार्ट कुठं मिळतो, लायनर कोण बसवतं, पंधरा वर्षांनंतर आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करायला काय कागद लागतात एवढं जरी छापून आलं तरी मोठी मदत होईल. आयटीआयच्या सरांना पण सांगणं आहे की स्क्रॅपला निघालेली एखादी कायनेटिक वर्कशॉपमध्ये आणा. आजच्या सगळ्या गिअरलेस पेट्रोल स्कूटरमध्ये असाच बेल्ट आणि असाच क्लच असतो, पोरं त्यावर हात बसवतील.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर