विषय : कपॅसिटर संचातील चुकीचा भाग आणि त्यावर मिळालेला चुकीचा सल्ला

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या जुन्या आर्केड कॅबिनेटमधल्या (व्हिडिओ गेमच्या उभ्या यंत्रातल्या) १९ इंची मॉनिटरच्या चेसिससाठी, म्हणजे चित्राची ट्यूब चालवणाऱ्या सर्किट बोर्डासाठी, मी आपल्याकडून कपॅसिटरचा (वीजभार साठवणाऱ्या भागांचा) पूर्ण संच मागवला होता. चित्राचा वरचा भाग दुमडून स्वतःवरच पडत होता. स्कोअरचे आकडे एकमेकांवर चढलेले, त्यांच्यावर एक पांढरी ठळक रेघ, आणि त्याखालचा खेळ मात्र स्वच्छ. व्हर्टिकल भागातला, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर वाळला की असेच होते, म्हणून संच मागवला.

सगळे कपॅसिटर बदलल्यावर चित्र सरळ झाले. पण अर्ध्या तासात वरच्या ओळी पुन्हा आखडू लागल्या. मॉनिटर बंद करून, ट्यूबमधला भार उतरवून चेसिस बाहेर काढली, तर व्हर्टिकल भाग चालवणाऱ्या आयसीजवळचा (चिपजवळचा) आपलाच नवा कपॅसिटर डोक्याशी फुगलेला! त्याच्या अंगावर छापले होते १०० मायक्रोफॅरड, आणि सोसण्याची मर्यादा १६ व्होल्ट, ८५ अंश सेल्सिअस. आपल्या तक्त्यात आणि पाकिटावरच्या चिठ्ठीवर मात्र ३५ व्होल्ट, १०५ अंश लिहिले आहे. मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

या आयसीला २४ व्होल्टचा पुरवठा आहे. ट्यूबमध्ये चित्र रेखणारा इलेक्ट्रॉन किरण पडद्याच्या तळाशी पोहोचला की त्याला झटकन वर न्यायला जास्तीचा व्होल्टेज लागतो, आणि तो याच कपॅसिटरमध्ये साठवलेल्या भारातून मिळतो. सेकंदाला ६० वेळा. म्हणजे जवळजवळ २४ व्होल्ट त्याच्यावर सतत येणारच. तिथे १६ व्होल्टचा टिकणार कसा? तो ढिला पडला की किरण वर पोहोचायच्या आतच पुढचे चित्र सुरू होते आणि पहिल्या ओळी एकमेकींवर पडतात.

चूक पॅकिंगमध्ये होऊ शकते, ते मी समजून घेतले असते. पण आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर सांगितले, "ट्यूब संपली आहे, ती काढून एलसीडी बसवा." याचे मला फार वाईट वाटले. ट्यूब थकली की चित्र अंधूक होते, रंग फिके पडतात, पांढरा भाग पसरतो. चित्र दुमडण्याशी ट्यूबचा संबंध नाही. माझी ट्यूब उत्तम आहे आणि अशा ट्यूब आता नव्याने मिळत नाहीत. हा सल्ला ऐकून कुणी चांगली ट्यूब भंगारात टाकली, तर ती परत आणता येणार नाही.

शेवटी मी बाहेरून ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर आणून डाख लावला. तीन आठवडे रोज मॉनिटर चालू आहे. चौकटींचा चाचणी नमुना लावला की वरची ओळ आणि खालची ओळ सारख्याच उंचीची दिसते. दुसरे काहीही बदललेले नाही.

संचाचे पूर्ण पैसे परत करावेत. त्याच खेपेतली उरलेली पाकिटे उघडून तपासावीत आणि ज्यांना ती गेली त्यांना कळवावे, कारण फुगलेला कपॅसिटर गळला तर आतले द्रव बोर्डाचे तांबे खाते. ट्यूबबद्दलचा सल्ला चुकीचा होता, हेही लेखी द्यावे. १५ दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. फुगलेला कपॅसिटर मी जपून ठेवला आहे. हवा असल्यास पाठवतो.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावती, पाकिटावरची चिठ्ठी, कपॅसिटरचे आणि पडद्याचे फोटो