एक हजार नव्वदचा हिशेब मांडणाऱ्या सरांस

आदरणीय सरांस सादर नमस्कार.

परभणीला आपल्या ओसरीवर बसून आपण एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर माझी वंशावळ मांडलीत, त्याचे आभार तेव्हा नीट मानायचे राहून गेले. आपले नाव न घालण्याची अट पाळून ते आज उघडपणे मानते.

दत्तक गेलेल्याला आपली मुळे शोधण्याची मुभा नियमांत आहे. परंतु मला सोपवणारी संस्था केव्हाच बंद पडली होती आणि कागदांवर जन्मवर्षापलीकडे काहीच नव्हते. म्हणून अर्धा तास चहासुद्धा न घेता नळीत लाळ भरून डीएनए चाचणीला पाठवण्याचा उद्योग मी केला. अशा चाचण्या करणारे बहुतेक लोक अमेरिका-युरोपातले असल्याने कितीतरी महिने फार लांबच्या नात्यांखेरीज हाती काही लागले नाही आणि मग नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या, जालन्याकडच्या एका मुलीशी १,०९० सेंटीमॉर्गन (दोघांच्या डीएनएतला जुळणारा भाग मोजण्याचे एकक) जुळले. सख्ख्या मावस-चुलत भावंडांत हा आकडा सरासरी ८५०च्या आसपास असतो, एवढे मी वाचले होते. मग उरलेले आले कुठून? मी थेट तिच्या वडिलांवर संशय घेऊन मोकळी झाले.

सावत्र बहीण असती तर आकडा १,७५०च्या जवळ हवा होता, असे आपण शांतपणे म्हणालात आणि विचारलेत, "त्या मुलीच्या आईला आत्याच्या घरी दिले आहे का?" उभा जन्म ज्वारीच्या वाणांचे संकर करण्यात घालवलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचावा! तिचे आईवडील आते-मामे भावंडे असतील, तर मी तिची मावसबहीण असूनही तिच्या वडिलांकडून आणखी एक लांबचे नाते लागते आणि त्याचे सरासरी २३० वाढतात. आपल्याकडची ही सोयरीक संकेतस्थळाच्या अंदाजात धरलेली नव्हती.

हिशेबाहून मोठे उपकार मात्र वेगळेच आहेत. तिला पाठवायला मी चार पानी पत्र लिहून आणले होते; आपण त्यातल्या पाच ओळी ठेवल्यात, 'माझी आई' हे शब्द खोडलेत आणि उत्तर देण्याचे कोणतेही बंधन नाही, ही ओळ स्वतःच्या हाताने लिहिलीत. मला राग आला होता, हे आज कबूल करते. तिने उत्तर दिले ते त्याच ओळीमुळे, असे तिने नंतर कळवले.

तिची आई खरोखरच आत्याकडे दिलेली निघाली. मला जन्म देणारी, त्या मावशींची धाकटी बहीण, आता हयात नाही. मात्र मी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी जन्मले, हे मावशींना पक्के आठवते. माझी आई आता माझा वाढदिवस तिथीनेच करायचा म्हणते.

आपली लग्नपत्रिका अजून माझ्याकडेच आहे. मावशींनी तिच्यावर पेन्सिलीने दोन नावे वाढवली आहेत आणि एक खोडले आहे. दिवाळीत परभणीला येईन तेव्हा घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
अंबाजोगाईची विद्यार्थिनी